व्हेंटिलेटर काढायचा का? सांगली-साताऱ्यातल्या नातेवाइकांसाठी

पेशंट बेशुद्ध आहे, मशीनवर आहे आणि डॉक्टर म्हणाले, "आता फारसं काही होण्यासारखं नाही, घरच्यांनी बसून ठरवा." अशा वेळी आपल्याकडे दोनच वाटा दिसतात. बिल वाढेल तसं सगळं चालू ठेवायचं, नाहीतर "आमच्या जबाबदारीवर नेतो" अशी सही करून अँब्युलन्समधून गावी न्यायचं. दुसऱ्या वाटेत पेशंटचे हाल फार होतात. नळी निघते, धाप लागते, आणि त्या वेळी मॉर्फिन द्यायला जवळ कोणी नसतं. तिसरी वाट कायद्यातच आहे. रुग्णालयात, वेदनेचं आणि धापेचं औषध चालू ठेवून, नीट नोंदी करून यंत्र थांबवायचं. ती वाट कशी चालायची, ते इथं लिहिलं आहे.

आधी खात्री करा, हे खरंच परत न येण्यासारखं आहे का

सर्वांत मोठी चूक इथं होते, आणि आपल्या भागात ती होण्याची कारणंही आपल्याच भागातली आहेत.

पहिलं कारण मण्यार. उसाच्या पट्ट्यात, रानातल्या घरात, रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. दंशाची खूण पुष्कळदा दिसतच नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि मग श्वास थांबतो. व्हेंटिलेटरवर घेतल्यावर हा माणूस हुबेहूब मेंदू मेल्यासारखा दिसतो. हात-पाय हलत नाहीत, बाहुल्या मोठ्या होऊन प्रकाशाला दाद देत नाहीत, चिमटा काढला तरी प्रतिसाद नाही. पण त्याचा मेंदू शाबूत असतो, फक्त नसा आणि स्नायूंमधला दुवा विषानं बंद पडलेला असतो. प्रतिविष आणि काही दिवस यंत्राचा श्वास मिळाला तर असे पेशंट उठून चालत घरी जातात. रात्रीतून कारणाशिवाय बेशुद्ध झालेल्या कोणाबद्दलही "सर्पदंश नक्की नाही ना?" हे विचाराच.

दुसरं कारण फवारणीचं औषध. द्राक्षबागेतली किंवा भाजीपाल्यावरची ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं पोटात गेली की पहिला धोका टळल्यावर, साधारण १ ते ४ दिवसांनी, मानेचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. घरच्यांना वाटतं सुधारत होता आणि आता संपलं. प्रत्यक्षात ही ठरावीक अवस्था आहे आणि १ ते ३ आठवडे व्हेंटिलेटर दिला तर बहुधा उतरते. त्यात उपचारासाठी दिलेल्या ॲट्रोपिन या औषधामुळे बाहुल्याही मोठ्या दिसतात, म्हणून नुसत्या बाहुल्यांवरून निष्कर्ष काढू नये.

तिसरं कारण झोपेचं औषध. मशीनवरच्या पेशंटला मिडॅझोलम, फेंटानिल चालू असतं. किडनी किंवा लिव्हर काम करत नसेल तर हे औषध बंद केल्यावरही दिवसेंदिवस अंगात राहतं. "झोपेचं औषध शेवटचं कधी दिलं, आणि त्यानंतर किती तासांनी तपासलं?" हा प्रश्न डॉक्टरांना आवडो न आवडो, विचारायचाच. साखर, सोडियम, शरीराचं तापमान, थायरॉइड यातली गडबडही माणसाला असंच पाडून ठेवते. ती आधी दुरुस्त झालेली हवी.

हृदय बंद पडून परत सुरू झालेल्या पेशंटबद्दल ७२ तासांच्या आत "मेंदू गेला" असा अंतिम अंदाज बांधू नये, आणि नंतरही एका तपासणीवर विसंबू नये. बाहुल्यांची प्रतिक्रिया, बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी मिटते का, वेदनेला प्रतिसाद, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी), सीटी किंवा एमआरआय यांचा सूर जुळायला हवा. तालुक्याच्या ठिकाणी ईईजी नसेल तर रिपोर्ट आणि पेशंटचा व्हिडिओ घेऊन मिरज, कराड किंवा कोल्हापूरच्या न्यूरॉलॉजिस्टचं लेखी मत आणता येतं. पेशंट हलवायलाच हवा असं नाही.

"ब्रेन डेड" हा शब्द आयसीयूबाहेरच्या बाकावर फार सैल वापरला जातो. ब्रेन डेथ, म्हणजे मेंदूचं काम कायमचं बंद पडणं, ही अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात ठरवलेली गोष्ट आहे. चार डॉक्टरांचं मंडळ, किमान ६ तासांच्या अंतरानं दोन वेळा तपासणी, त्यात व्हेंटिलेटरपासून थोडा वेळ वेगळं करून श्वास येतो का हे पाहणारी ॲप्निया चाचणी, आणि मग फॉर्म १०. हा कागद झाला नसेल तर पेशंट कायद्यानं ब्रेन डेड नाही, कोमात आहे किंवा डोळे उघडे पण भान नाही अशा अवस्थेत आहे. ब्रेन डेथ जाहीर झाली तर अवयवदानाबद्दल विचारणा होते, आणि सांगली-साताऱ्याचा समन्वय पुण्याच्या विभागीय समितीकडून होतो. इथून पुढचं सगळं ब्रेन डेड नसलेल्या पेशंटबद्दल आहे.

कोणता प्रश्न विचारायचा

घरच्या बैठकीत "आपण काय करायचं?" असा प्रश्न निघतो आणि तिथंच गाडी रुळावरून घसरते. थोरला म्हणतो थांबा, धाकटा म्हणतो हाल बघवत नाहीत, मुंबईहून रात्रीच्या गाडीनं आलेला मुलगा म्हणतो वाट्टेल ते करा पण बाबांना वाचवा. सगळे आपापल्या मनाबद्दल बोलत असतात. खरा प्रश्न असा: पेशंट, समजा आपले आप्पा, आत्ता पाच मिनिटं शुद्धीवर येऊन स्वतःची ही अवस्था बघू शकले, तर काय म्हणाले असते?

याचं उत्तर अंदाजानं देऊ नका, पुरावे गोळा करा. शेजारचे तात्या वर्षभर अंथरुणाला खिळून होते तेव्हा आप्पा काय बोलले होते? "मला नळ्या-बिळ्या लावू नका" हे कोणाजवळ, कोणत्या प्रसंगी म्हणाले? मागच्या आजारपणात डायलिसिसला नकार दिला होता का? की "नातवाचं लग्न बघेपर्यंत काहीही सोसेन" असं म्हणाले होते? दोन-तीन जणांना वेगवेगळं विचारून तारखेनिशी लिहून घ्या. आणि बायकोला विचारा. चाळीस वर्षं संसार केलेली बाई बाकाच्या टोकाला पदर धरून बसलेली असते आणि निर्णय दीर-पुतणे घेतात. लेक सासरी गेली म्हणून तिचं मत गळतं. हे चूक आहे, नुसतं शिष्टाचार म्हणून चूक नाही. पेशंटचं मन सर्वांत जास्त त्यांनाच ठाऊक असतं.

त्याची इच्छा काहीच कळत नसेल तरच पुढचा प्रश्न घ्या. या उपचारानं त्याला काय मिळतंय आणि काय भोगावं लागतंय? जगण्याचे दिवस वाढतायत की मरण्याचे?

सांगलीकडच्या जैन घरांत इथं सल्लेखनेचा विषय निघतो, म्हणून स्पष्ट सांगायला हवं. सल्लेखना, म्हणजे हळूहळू अन्नपाणी सोडून मरण स्वीकारणं, हे शुद्धीवरच्या माणसानं स्वतः घेतलेलं व्रत आहे. बेशुद्ध माणसाच्या वतीनं ते दुसऱ्या कोणाला घेता येत नाही. व्हेंटिलेटर थांबवण्याचा निर्णय वैद्यकीय आहे आणि तो वैद्यकीय कारणांवरच उभा राहिला पाहिजे. मात्र तो माणूस आयुष्यभर त्या व्रताबद्दल आदरानं बोलत आला असेल, तर त्याची इच्छा ओळखायला ते नक्की उपयोगी पडतं.

"चालू केलेलं बंद केलं म्हणजे आम्हीच मारलं"

हे ओझं बहुतेकांच्या छातीवर असतं. वैद्यकीय नीतीत यंत्र न लावणं आणि लावलेलं काढणं यात फरक मानत नाहीत. उपयोग नाही म्हणून लावायला नकार देणं योग्य असेल, तर लावून बघितल्यावर उपयोग नाही असं दिसलं तेव्हा काढणंही तितकंच योग्य. उलट, एकदा लावलं की काढता येत नाही असं मानलं तर लोक लावायलाच घाबरतील आणि वाचणारा माणूसही जाईल. मृत्यू मूळ आजारानं येतो, आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून तोच आजार लिहिला जातो.

जीव जावा म्हणून इंजेक्शन देणं ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे आणि भारतात तो गुन्हा आहे. वर्तमानपत्रं दोन्हींना "दयामरण" किंवा "इच्छामरण" म्हणतात, त्यामुळं गोंधळ होतो. डॉक्टरांशी बोलताना "उपचार मर्यादित करणं" किंवा "यंत्र थांबवणं" असं म्हणा, समोरचा माणूस दचकत नाही आणि बोलणं पुढं सरकतं.

मन होत नसेल तर मुदत ठरवून उपचार करा. हा मार्ग फार वेळा सुचवलाच जात नाही. डॉक्टरांबरोबर बसून ठरवायचं: आजपासून ५ दिवस सगळं जोरात करू, आणि या चार गोष्टी बघू. व्हेंटिलेटरचा ऑक्सिजन किती टक्के लागतोय, १०० वरून ४०-५० वर येतोय का. बीपी टिकवणारं नॉरॲड्रेनालिन कमी होतंय का. लघवी ताशी किती, ६० किलोच्या माणसाला निदान ३० मिली हवी. शुद्धीचा आकडा, म्हणजे ३ ते १५ मधला ग्लासगो स्कोअर, सरकतोय का. सहाव्या दिवशी पुन्हा बसायचं. आकडे कागदावर असले की भांडण कमी होतं. गळ्याला छिद्र पाडून नळी घालण्याची, म्हणजे ट्रेकिऑस्टॉमीची परवानगी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात मागतात. ती सही करण्याआधी ही बैठक व्हायलाच हवी, कारण त्यानंतर महिनोन्‌महिने तसंच चालू राहू शकतं.

नाकातल्या नळीतून दिलं जाणारं अन्न थांबवणं घरच्यांना सर्वांत जड जातं. उपाशी ठेवलं, ही भावना आपल्याकडे खोल आहे. वैद्यकशास्त्र त्याला उपचारच मानतं, आणि मरणाच्या दारातलं शरीर अन्न मागत नाही. उलट सलाईन आणि दूध चालू ठेवल्यानं छातीत पाणी आणि घशात घरघर वाढते. तरीही यावर एकमत होत नसेल तर व्हेंटिलेटरचा निर्णय त्यासाठी अडवू नका, तो प्रश्न वेगळा ठेवा.

पैशाचं काय

पैसे संपले हे कारण लपवू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लपवल्यानं निर्णयाची भेसळ होते. वाचण्यासारखा पेशंट केवळ पैशाअभावी काढला जात असेल तर ते उपचार थांबवणं नाही, तो उपचार नाकारला जाणं आहे, आणि त्यावर उपाय वेगळा. रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आजार बसतो का विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. सांगली किंवा साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये, नाहीतर मिरजेच्या शासकीय रुग्णालयात व्हेंटिलेटरची खाट आहे का, फोन करा. हे सगळं झाल्यावर, वाचण्याची शक्यता खरोखर नाही हे दोन वेगळ्या डॉक्टरांनी सांगितल्यावर, घर आणि रान विकून आणखी चार दिवस विकत घेऊ नयेत, असं आमचं ठाम मत आहे. आयसीयूतल्या कोणत्याही शहाण्या म्हाताऱ्यानं लेकरांकडून ते मागितलं नसतं.

आणखी एक. बेशुद्ध माणसाचा अंगठा कोणत्याही कागदावर घेऊ नका. सातबारा, बँक, वारसाहक्क, काहीही असो. तो कागद टिकत नाही आणि घेणाऱ्यावर गुन्हा होऊ शकतो. असं कोणी करताना दिसलं तर त्याचं मत निर्णयात धरू नका.

कायद्याची पायरी-पायरी

मुंबईच्या रुग्णालयात अनेक वर्षं भान हरपून पडलेल्या नर्स अरुणा शानबाग यांच्याबद्दलच्या २०११ च्या निकालानुसार उच्च न्यायालयाची परवानगी लागत होती. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सन्मानानं मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, मानला आणि परवानगीऐवजी वैद्यकीय मंडळांची पद्धत दिली. पण त्यात २० वर्षं अनुभवाचे तज्ज्ञ, जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेलं मंडळ आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष येऊन पाहणी, अशा अटी होत्या. जिल्ह्याच्या ठिकाणी हे होईना. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयानं त्या सोप्या केल्या. आज कोणी "कोर्टातून ऑर्डर आणा" म्हणालं, तर ते जुन्या नियमावर बोलतंय.

आजची पद्धत अशी. उपचार करणारे डॉक्टर रुग्णालयाला कळवतात. रुग्णालय पहिलं मंडळ नेमतं, त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान ५ वर्षं अनुभवाचे निदान दोन तज्ज्ञ. ते घरच्यांशी बोलतात, चर्चेची नोंद ठेवतात, शक्यतो ४८ तासांत मत देतात. घरच्यांनी लेखी संमती दिली की दुसरं मंडळ. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. तेही शक्यतो ४८ तासांत. दोन्ही मंडळांचं एकमत झालं की रुग्णालय प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. कळवायचं आहे, परवानगी मागायची नाही. मग यंत्र थांबवता येतं.

अडतं ते दुसऱ्या मंडळाशी. छोट्या रुग्णालयाला पत्र कोणाच्या नावानं लिहायचं हेच ठाऊक नसतं. पहिल्या दिवशीच रुग्णालयानं सिव्हिल सर्जनच्या, म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखाच्या, कार्यालयात विचारून घ्यावं, आणि शनिवार-रविवार मध्ये येतोय का ते बघावं. दोन्ही मंडळांसाठी त्या विषयाचे चार वेगळे तज्ज्ञ जवळ नसतील तर पेशंटला मिरज किंवा कराडच्या मोठ्या रुग्णालयात हलवणं हा खटाटोप पुष्कळदा सोयीचा ठरतो. मंडळांचं जमलं नाही किंवा घरात वाद राहिला तर राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं. त्यासाठी आता मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू आहे आणि सांगली, सातारा दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आहेत.

त्या दिवशी

वेळ आधी ठरवा, दिवसाची ठरवा, आणि यायचं ते सगळे पोहोचेपर्यंत थांबा. त्या दिवसापुरती भेटीची बंधनं उठवायला सांगा. पडदा ओढून, मॉनिटरचा आवाज बंद करून बसायला मिळालं पाहिजे.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्नायू लुळे करणारं औषध चालू असेल तर ते बंद करून त्याचा असर पूर्ण गेल्याची खात्री करतात. यात चूक झाली तर पेशंटला धाप लागूनही ती दिसत नाही, आणि ती सर्वांत क्रूर चूक आहे. मग मॉर्फिन आणि मिडॅझोलम शिरेतून सुरू करतात, पेशंट शांत आहे हे बघतात, आणि त्यानंतरच यंत्राला हात लावतात. औषध आधी, यंत्र नंतर. मात्रा धाप आणि अस्वस्थता बघून वाढवतात, जीव लवकर जावा म्हणून नाही. घशातल्या स्रावासाठी ग्लायकोपायरोलेट आधीच देऊन ठेवतात, साठलेल्या कफावर त्याचा उपयोग होत नाही. नंतर बीपीचं औषध, डायलिसिस, अँटिबायोटिक, रक्ताच्या तपासण्या थांबतात. व्हेंटिलेटरचा ऑक्सिजन आणि जोर अर्ध्या तासात उतरवतात आणि शेवटी नळी काढतात किंवा तशीच ठेवतात. छातीत शॉक देणारं यंत्र बसवलेलं असेल तर ते बंद करायला आठवण द्या. बटण दाबायला नातेवाइकाला कधीही सांगू नये. ते डॉक्टरचं काम आहे.

रुग्णालयात मॉर्फिन आहे का, हे आधी विचारा. २०१४ मध्ये कायदा सुधारूनही पुष्कळ छोट्या रुग्णालयांत ते ठेवत नाहीत. नसेल तर तिथं यंत्र थांबवू देऊ नका.

तोंडात तुळशीपत्र, गंगाजल किंवा झमझमचं पाणी घालायचं असेल तर सिस्टरला आधी सांगा. नळी असताना चमच्यानं पाणी घातलं की ते घशात साचून ठसका लागतो. कापसाचा बोळा भिजवून ओठांना आणि जिभेला लावा, दोन थेंब पुरतात. णमोकार, कलमा, हरिपाठ, जे म्हणायचं ते कानाशी म्हणा.

त्यानंतर किती वेळ, हे कोणी सांगू शकत नाही. कधी काही मिनिटं, कधी काही तास, कधी दिवस. अमेरिकेत कॅरन ॲन क्विनलनचा व्हेंटिलेटर १९७६ मध्ये काढला आणि ती स्वतःच्या श्वासावर १९८५ पर्यंत जगली. असं फार क्वचित होतं, पण पेशंट श्वास घेत राहिला तर निर्णय चुकला असं समजू नका. काळजी चालू ठेवायची, एवढंच. शेवटी थांबून थांबून येणारे मोठे श्वास आणि घशाची घरघर ऐकवत नाही. औषध पुरेसं असेल तर त्या माणसाला ती जाणवत नसते. कपाळावर आठ्या, हात आवळणं, अंग ताठणं दिसलं तर लगेच सिस्टरला हाक मारा, औषध वाढवायला हवं.

घरीच न्यायचं असेल तर

उंबरठ्याच्या आत जीव जावा ही इच्छा आदर करण्यासारखी आहे. पण "स्वतःच्या जबाबदारीवर" असा कागद करू नका. मंडळांची प्रक्रिया पूर्ण करून, उपचार मर्यादित केल्याची नोंद असलेलं डिस्चार्ज कार्ड घ्या. सोबत औषधांचं लेखी वेळापत्रक, गावातल्या डॉक्टरचा होकार आणि रात्री फोन उचलणारा एक नंबर हवा. वाटेत अँब्युलन्समध्ये नळी काढायची वेळ येणार असेल तर नेऊ नका.

अपघात, विषबाधा, सर्पदंश, गळफास यांतला पेशंट पोलीस केस असतो. त्याचं शवविच्छेदन होणारच, हे आधीच घरात सांगून ठेवा, नाहीतर अंत्यविधीची तयारी करून बसलेल्या माणसांवर ते आदळतं. असा पेशंट घरी नेला आणि परस्पर अग्नी दिला तर पोलिसांचा त्रास होतोच, शिवाय शेतकऱ्याच्या घराला गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा योजनेतून मिळणारे २ लाख रुपयेही शवविच्छेदनाच्या अहवालाअभावी अडकू शकतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला ओळखीच्या डॉक्टरनं लिहून द्यावा लागतो, म्हणून डिस्चार्ज कार्डाची आणि दोन्ही मंडळांच्या मतांची प्रत घरात ठेवा.

ज्यांना आज शुद्ध आहे त्यांनी

१८ वर्षांवरच्या कोणालाही आपली इच्छा आधी लिहून ठेवता येते. कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत ते साध्या मराठीत लिहा, निर्णय घेणाऱ्या एक किंवा जास्त माणसांची नावं द्या, दोन साक्षीदारांसमोर सही करा, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करा. एक प्रत त्या माणसांकडे, एक घरच्या डॉक्टरकडे, एक महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीतल्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मत बदललं तर केव्हाही लेखी रद्द करता येतं. "मला यातना नकोत" एवढंच लिहिलं तर आयसीयूत त्याचा उपयोग होत नाही. "मेंदूला इजा होऊन माणसं ओळखण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर, डायलिसिस आणि छाती दाबणं नको, वेदनेचं औषध मात्र हवं" असं लिहिलं तर डॉक्टर त्यावर चालू शकतात. कागद कपाटाच्या तिजोरीत कुलपात ठेवू नका. रात्री दोन वाजता किल्ली सापडत नाही.